दारातली धायटी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी सोडून फुलझाडावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण या झाडाने मला पाण्याचा धडा दिला, म्हणून लिहितो.

धायटी हे आपल्या सह्याद्रीच्या उतारावरचे, मुरमाड जमिनीतले झुडूप. कोणी त्याला धायफूल म्हणतात, संस्कृतात धातकी. मेंदीच्या कुळातले हे झाड पाच ते दहा फूट वाढते आणि फांद्या कमानीसारख्या वाकतात. आपला गाळप हंगाम भरात असतो तेव्हा फांदीफांदीवर लालभडक, नळीसारखी फुले लागतात, ती थेट पट्टा पडेपर्यंत. शिंजीर आणि मधमाश्या त्यावरून हलत नाहीत. आसव-अरिष्ट करताना काढ्यात गूळ आणि धायटीची वाळलेली फुले घालतात. फुलांवरचे यीस्ट गूळ आंबवायला मदत करते. आसवनीत मळीचे होते, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे उसाशी हिचे नाते जुनेच आहे.

माझी आई डोंगरकडेच्या गावची. म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने एकच मागितलं, "दारात एक धायटी लाव की रं."

मी डिप्लोमावाला माणूस. हौसेने रोप आणले आणि घरापुढच्या काळ्या रानात, पाटाच्या कडेला लावले. उसाच्या प्रत्येक पाळीला त्यालाही पाणी मिळू लागले. पावसाळा सरता सरता पाने पिवळी पडली, मुळे कुजली, झाड गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यात जमिनीवर पांढरा थर फुटला. ऊस काही बोलला नव्हता, धायटीने आधी सांगितले होते. गावोगाव पाण्याचे प्रमाण सांगत फिरणाऱ्या माणसाच्या दारात ही गत! अति तिथं माती, ती अशी.

दुसरे रोप उंचवट्यावर लावले. ते जोमात वाढले. तिसऱ्या वर्षी दिवाळीत घर रंगवले, तेव्हा झाडही छाटून नीटनेटके केले. त्या साली एक फूल आले नाही. बुडखे छाटले की खोडवा जोमाने फुटतो, ही आपली सवय. धायटीचा मोहर मात्र जुन्या फांदीवर येतो. फांदी गेली की फूल गेले.

माझ्या चुकांतून काढलेल्या सूचना अशा :

जागा – दिवसभर ऊन हवे, पाण्याचा निचरा हवा. भारी काळी जमीन असेल तर दीड फूट उंच वरंबा करून त्यात मुरूम मिसळावा.

लागण – दीड फुटाचा खड्डा घेऊन माती, मुरूम आणि एक पाटी कुजलेले शेणखत घालावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप लावावे. दोन झाडांत सहा फूट अंतर ठेवावे.

रोपे – बी अगदी बारीक असते. बारीक वाळूत मिसळून वरच्यावर पेरावे, खोल गाडू नये. पावसाळ्यात फांदीची कलमेही लावता येतात, पण उसाच्या कांडीइतकी खात्री धरू नये. डोंगरावरचे झाड उपटून आणू नका, ते जगत नाही आणि डोंगरही उघडा पडतो. रोपवाटिकेत चौकशी करा.

पाणी – पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा. पुढे झाड स्वतःचे बघते. युरिया नकोच, नुसता पाला वाढतो.

छाटणी – फुले संपल्यावर, पावसाच्या आधी. जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश बुडातून काढाव्यात. त्यानंतर पुढच्या बहरापर्यंत कात्री लावू नये.

यंदा माघात आमची धायटी फुलली. आईने ओट्यावर खुर्ची ओढून घेतली, बराच वेळ बघत बसली. शाबासकी काही दिली नाही. म्हणाली, "एवढा येळ कशाला लावलास?"

तिला काय उत्तर देणार? आपल्याला एवढेच सांगतो. घराभोवती एखाद्या कोपऱ्यात झाडे विनाकारण पिवळी पडत असतील, तर पाणी वाढवू नका. त्या जागेची आणि शेजारच्या उसाच्या प्लॉटची माती तपासून घ्या. नमुना कसा घ्यायचा, हे आपल्या गट कार्यालयातले कर्मचारी दाखवतील. आणि दारात एक धायटी जरूर लावा. घरात म्हातारं माणूस असेल तर यंदाच लावा.

— ऊस विकास अधिकारी