घरचा राउटर व गृहस्थाचें कर्तव्य

नळास पाणी आलें नाहीं तर टाकी पाहावी, पंप पाहावा, हें घरांतील लहान मुलासहि ठाऊक असतें. वीज गेली तर शेजारीं दिवा आहे कीं नाहीं, हें आपण खिडकींतून पाहतों. परंतु इंटरनेट बंद पडलें कीं सुशिक्षित गृहस्थांचाहि विवेक सुटतो. ते एक तर यंत्रास थापटूं लागतात, नाहीं तर कंपनीच्या नांवानें बोटें मोडूं लागतात. हें आम्ही कोणास हिणवण्याकरितां लिहीत नाहीं. हा दोष आमच्याच घरीं आम्हांस महागांत पडला आहे.

आमच्या वृद्ध आत्याबाई सांगलीस एकट्या राहतात. त्यांस ऐकूं फार कमी येतें. फोनवरील बोलणें त्यांना कळत नाहीं. पण व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे ओठ पाहून त्या सारें समजून घेतात. रोज रात्रीं नऊ वाजतां आमची भेट अशी होते. दिवाळीची साफसफाई झाली आणि राउटरवर तांबडा दिवा लुकलुकूं लागला. आमचें घर तळमजल्यावर असल्यामुळें मोबाइलची रेंजहि जेमतेम. आम्हीं तक्रार नोंदविली, दिवसांतून तीनदां राउटर बंद-चालू केला, आणि चौथ्या दिवशीं आलेल्या तरुण टेक्निशियनला दारांतच कठोर शब्द ऐकविले. त्यानें कांहींएक न बोलतां लोखंडी कपाट पुढें ओढलें. झाडलोटींत आम्हींच तें भिंतीशीं सरकविलें होतें, व मागील फायबरची तार काटकोनांत दुमडली होती. फायबरमधून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. तीव्र वांक पडला कीं तो बाहेर निसटतो. तार मोकळी होतांच दिवा हिरवा झाला. त्या रात्रीं आत्याबाईंनीं पहिला प्रश्न विचारला, "रागावलां होतांत होय रे माझ्यावर?"

तेव्हांपासून दोष शोधण्याचा जो क्रम आम्हीं ठरविला, तो वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम दिवे पाहावेत. फायबरच्या यंत्रावर बहुधा 'पीओएन' व 'एलओएस' अशा नांवांचे दोन दिवे असतात. एलओएस तांबडा असेल तर प्रकाशच पोंचत नाहीं असें समजावें. मग पासवर्ड बदलणें व्यर्थ होय. तार कोठें वांकली किंवा निसटली आहे काय तें पाहावें, व कांहीं न सांपडल्यास कंपनीस कळवावें. तारेच्या टोकाशीं डोळा मात्र कधींहि नेऊं नये. आंतील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांस अपाय करूं शकतो.

पीओएन स्थिर हिरवा असूनहि इंटरनेट नसेल, तर दुसऱ्या फोनवर वा संगणकावर पाहावें. तेथें चालत असल्यास राउटर निर्दोष आहे. कोठेंच चालत नसल्यास राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावें व पुन्हां चालू करावा. त्याच्या स्मृतींतील तात्पुरता गोंधळ यानें पुसला जातो. परंतु बारीक छिद्रांतील 'रीसेट'ची कळ सहज दाबूं नये. बंद-चालू करणें म्हणजे झोप घेऊन उठणें. रीसेट म्हणजे पूर्वस्मृति गमावणें. कंपनीनें भरलेली जोडणीची माहितीहि तींत नाहींशी होऊं शकते.

इंटरनेट असून मंद असेल, तर दोष बहुधा जागेचा असतो. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून दूरवर जाते, पण वेग कमी; ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीपाशीं अडते. पहिलीवर शेजाऱ्यांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा अडथळाहि येतो. तींत १, ६ व ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहींत. त्यांपैकीं मोकळा असेल तो निवडावा. राउटर घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागीं असावा. लोखंडी कपाटामागें नसावा, हें आतां आम्हीं निराळें सांगावयास नको.

शेवटीं कुलपाविषयीं. राउटरच्या व्यवस्थेचें पान पुष्कळदां १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडतें. तेथील मूळचा पासवर्ड न बदलणें म्हणजे किल्ली दारालाच टांगून ठेवणें होय. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रोग्रामनें कारखान्यांतून आलेल्या अशाच पासवर्डांची यादी वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. २०१८ सालीं 'व्हीपीएनफिल्टर'नें ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणें ग्रासलीं. म्हणून व्यवस्थेचा पासवर्ड व वाय-फायचा पासवर्ड हे निरनिराळे असावेत. संरक्षण डब्ल्यूपीए-२ वा डब्ल्यूपीए-३ प्रकारचें असावें. राउटरचें अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावें. आणि पाहुण्यांकरितां 'गेस्ट' वाय-फाय वेगळें काढावें. हे सर्व पासवर्ड गृहिणीच्या हिशेबाच्या वहींत लिहून ठेविले, तर घरधनी परगांवीं असतांना कोणाचें अडणार नाहीं.

त्या तरुणास आम्हीं चहा दिला. क्षमा मागावयाची मात्र राहून गेली, याची रुखरुख अजून आहे. वाचकांनीं एवढें अवश्य करावें : तांबडा दिवा दिसला कीं आधीं कपाटामागें पाहावें, जीभ नंतर सैल सोडावी.