थोरलाही लहानच असतो : दोन भावांचे संगोपन

मराठीत धाकट्या भावाला 'पाठचा भाऊ' म्हणतात. एकाच्या पाठीवर दुसरा आला, असे आपण सहज बोलून जातो. घरात दुसरा मुलगा जन्मला की पेढे वाटले जातात, बारसे होते, आणि आल्यागेल्या बायका थोरल्याच्या डोक्यावरून हात फिरवून सांगतात, "आता तू दादा झालास हं!" या एका वाक्याने त्या मुलाचे घरातील स्थान बदलते. त्याचे वय मात्र तेच राहते. ते बहुधा दोन-तीन वर्षांचे असते. कालपर्यंत जो आईच्या कडेवर होता, तो आज 'मोठा' ठरतो.

दोन लहान भावांच्या संगोपनातील पुष्कळशा अडचणी या विसंगतीतून उद्भवतात. धाकट्याकडे सर्वांचे लक्ष असते. थोरल्याकडून समंजसपणाची अपेक्षा केली जाते. त्याचा आहार, आरोग्य, शिक्षण आणि स्वभाव या सर्वांवर या अपेक्षेचा भार पडतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार घरातील माणसांप्रमाणेच शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांनीही करणे आवश्यक आहे.

एका शब्दाची साक्ष

बालकुपोषणाच्या एका गंभीर प्रकाराला वैद्यकशास्त्रात 'क्वाशिओरकोर' असे नाव आहे. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील, आजच्या घाना देशातील, 'गा' भाषेतला आहे. डॉ. सिसिली विल्यम्स या तेथे बालकांवर उपचार करीत असत. त्यांनी १९३३ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली स्थानिक बायकांच्या तोंडचा हा शब्द वैद्यकीय जगापुढे ठेवला. नवे बाळ आले म्हणजे आधीच्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा आशय आहे. धाकट्याच्या आगमनामुळे थोरल्याचे अंगावरचे दूध तुटते, त्याच्या वाट्याला केवळ पिठूळ, निकस अन्न येते आणि त्याची प्रकृती ढासळते, हे तेथील आयांनी डॉक्टरांच्याही आधी ओळखले होते.

या आजारात मुलाच्या पायांवर व चेहऱ्यावर सूज येते, केस विरळ व फिकट होतात, मूल चिडचिडे व मलूल बनते. सुजेमुळे ते भरल्या अंगाचे दिसते आणि घरच्यांना वाटते की पोराने बाळसे धरले. दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही क्षण दाबून धरले असता खळगा राहत असेल, तर ते बाळसे नव्हे. अशा मुलास विलंब न लावता आरोग्य केंद्रात नेले पाहिजे.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. खुजेपणाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी दोन मुलांमधील अपुरे अंतर आणि थोरल्याच्या आहाराकडे झालेले दुर्लक्ष ही दोन कारणे घरातच दूर करता येण्याजोगी आहेत.

दोघांमधील अंतर

एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत करण्यात आली. याचा अर्थ, दोन भावांच्या वयांत पावणेतीन वर्षांच्या आसपास अंतर असावे. या अवधीत आईच्या शरीराची झीज भरून निघते आणि थोरल्याला दोन वर्षेपर्यंत अंगावरचे दूध मिळू शकते. 'होऊन जाऊ द्या, दोघे बरोबरच वाढतील' असा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. पाळणा लांबविण्याची साधने प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात उपलब्ध असतात आणि त्यांची माहिती पती व पत्नी दोघांनीही घेणे इष्ट होय.

अंतर कमी राहिलेच, तर थोरल्याचे दूध एकाएकी तोडू नये. स्तनांना कडू पदार्थ लावून एका दिवसात दूध सोडविण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यामुळे मुलाला अन्न आणि आईची जवळीक या दोन्हींना एकदम मुकावे लागते. निरोगी मातेने गरोदरपणातही काही काळ पाजण्यास सहसा हरकत नसते. मात्र याबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

ताट वेगळे, वाटी वेगळी

चार वर्षांचा थोरला आणि सव्वा वर्षाचा धाकटा असे घर डोळ्यांपुढे आणावे. आई सकाळी भाकरी करून खुरपणीला जाते, वडील मोटेवरच्या काळापासून चालत आलेल्या शिरस्त्याने दिवस उजाडताच शेतावर असतात. दोन्ही मुले एका ताटलीत जेवतात. थोरला भराभर खातो, धाकटा सांडतो. किंवा आजी धाकट्याला भरवते आणि थोरला उरलेले खातो. कोणी किती खाल्ले हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र ताटली व वाटी दिली, तर हा प्रश्न विनाखर्च सुटतो. ज्याच्या वाटीत अन्न उरते, त्याच्याकडे लक्ष जाते.

धाकट्याला सहा महिने केवळ आईचे दूध पुरते. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे. आपल्या पूर्वजांनी उष्टावणाचा संस्कार याच सुमारास घातला आहे. एक वर्षानंतर त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काही खाऊ लागतो. थोरल्याचे पोटही लहानच असते. मोठ्या माणसांप्रमाणे दोन वेळच्या जेवणावर त्याचे भागत नाही. भाकरी वरणात कुस्करून त्यावर चमचाभर तेल, दाण्याचा कूट, मुगाची खिचडी, उकडलेले अंडे, पालेभाजी, हंगामातले फळ हे पदार्थ दोघांनाही चालतात. धाकट्यासाठी ते मऊ करावेत, एवढाच फरक.

सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांसाठी अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. तीन वर्षांखालील बालकास तो घरी नेण्यासाठी दिला जातो, तर तीन ते सहा वर्षांच्या बालकास अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. सर्वसाधारण बालकासाठी दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे दोन भावांचे हक्क वेगवेगळे असून दोन्ही घ्यावयाचे आहेत. पूरक आहार घरच्या जेवणात भर घालण्यासाठी असतो. त्या दिवशी घरचे जेवण कमी करणे चुकीचे होय.

एकाच फेरीत दोघांची तपासणी

धाकट्याच्या लसीकरणासाठी आई आरोग्य उपकेंद्रात जाते तेव्हा थोरल्याचे कार्डही बरोबर न्यावे. धाकट्याला ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा व 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो; १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा द्यावयाची असते. 'अ' जीवनसत्त्व त्यानंतर पाच वर्षे वयापर्यंत दर सहा महिन्यांनी द्यावयाचे असते आणि पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा असते. धाकटा आला की थोरल्याच्या याच मात्रा राहून जातात.

औषधांच्या बाबतीत मात्र दोघांना एका मापाने मोजू नये. जंतनाशक गोळी एक ते दोन वर्षांच्या बालकास अर्धी, तर त्यावरील बालकास पूर्ण दिली जाते. थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला पाजण्याची सवय धोक्याची आहे.

दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी अंगणवाडी सेविकेकडे असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते, ११.५ ते १२.५ सेंटिमीटर हा मध्यम कुपोषणाचा टप्पा होय. दोन्ही भावांचे दंड एकाच दिवशी मोजावेत.

रुसवे, मारामाऱ्या आणि न्याय

धाकट्याच्या जन्मानंतर थोरला पुन्हा अंथरूण ओले करतो, अंगठा चोखतो, बोबडे बोलतो, कधी बाळाला चिमटा काढतो. हा खोडसाळपणा नसतो. आपली जागा गेली, ही भीती तो आपल्या परीने व्यक्त करीत असतो. मारल्याने ती भीती खरी ठरते. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे आईने किंवा वडिलांनी केवळ त्याच्यासाठी ठेवली, तर हे वर्तन बहुधा काही आठवड्यांत ओसरते. बाळाला न्हाऊ घालताना पंचा आणून देणे, त्याला खुळखुळा वाजवून दाखविणे अशी लहान कामे त्याला आनंदाने करता येतात.

दोघे खेळू लागले की भांडणे येतातच. 'तू मोठा ना, देऊन टाक' हा आपल्याकडील ठरलेला निवाडा. तो रोज एकाच्या विरुद्ध गेला, तर थोरल्याच्या मनात अढी बसते आणि धाकटा रडून वस्तू मिळविण्यास शिकतो. पाळीपाळीने खेळणे, खाऊ एकाने वाटावा व दुसऱ्याने आधी उचलावा, हे साधे नियम अधिक न्याय्य आहेत. बांधावरच्या भाऊबंदकीचे तंटे पंचायतीला ठाऊक आहेत. वाटणी न्यायाने होते, हा अनुभव मुलांना बालपणीच मिळाला पाहिजे.

ज्या घरी दोघेही मुलगे आहेत, तेथे आणखी एका गोष्टीची संधी आहे. आपली ताटली धुणे, अंथरूण घडी घालणे, लसूण सोलणे ही कामे त्यांना वयानुसार द्यावीत. घरकाम बहिणीचे, ही समजूत त्यामुळे मुळात रुजतच नाही.

थोरला राखणदार नव्हे

मजुरी करणाऱ्या कुटुंबांत धाकट्याला सांभाळण्याचे काम थोरल्याकडे येते. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, शेताच्या बांधावर पाच-सहा वर्षांचा मुलगा भावाला कडेवर घेऊन फिरताना दिसतो. बहीण थोरली असेल तर हे काम तिच्याकडे जाते. विहीर, हौद, पेटती चूल, कीटकनाशकाची बाटली यांपासून बाळाला वाचविण्याची जाण व ताकद त्या वयात नसते. शिवाय त्याची स्वतःची शाळा बुडते.

हा प्रश्न ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखला होता. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ साली ते आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे नेले. थोरली मुले शाळेत येत नाहीत, कारण धाकटी त्यांच्या गळ्यात असतात, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र सांगड घातली. या प्रयोगाला 'विकासवाडी' म्हणतात. धाकट्याची सोय झाली की थोरला आपोआप वर्गात येतो, हा त्यातील धडा होय. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली.

गावाचे काम

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. थोरला वारंवार गैरहजर राहत असेल, तर शिक्षकांनी हजेरीपटावर खूण करून थांबू नये. घरी धाकटे कोण सांभाळते, हे विचारावे. अंगणवाडीची वेळ व शाळेची वेळ जुळते का, हे पंचायतीने पाहावे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक बालके असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एक स्त्री नेमण्याची तरतूद केली होती. कोणत्याही सार्वजनिक कामावर हाच दंडक पाळणे उचित ठरेल. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. मजुरीच्या हंगामात गावातच पाळणाघर चालविण्यासाठी या निधीचा विचार ग्रामसभेत व्हावा.

दुसऱ्या मुलाच्या जन्माची नोंद करण्यासाठी कुटुंब कार्यालयात येते, त्याच वेळी थोरल्याचे वय, वजन व लसीकरण यांची विचारपूस करण्याचा प्रघात प्रत्येक गावाने पाडावा. त्यास पैसा लागत नाही. धाकट्याचे स्वागत करणाऱ्या घराला थोरल्याची आठवण करून देण्याचे काम मात्र त्यामुळे होईल.