न्यूट्रॉनची गणना आणि न्यूट्रॉनची ओळख

भाषेच्या इतिहासात लोप पावलेला ध्वनी प्रत्यक्ष ऐकता येत नाही. त्याने मागे ठेवलेल्या खुणेवरून तो ओळखावा लागतो. प्राकृत ‘सत्त’ या शब्दातील एक तकार मराठीत गेला. परंतु ‘सात’ मधील दीर्घ आकार त्याची साक्ष देतो. न्यूट्रॉनच्या अभ्यासकाची स्थिती काहीशी अशीच आहे. या कणास विद्युत् भार नसल्याने तो आपला माग ठेवीत नाही. एखाद्या अणुगर्भावर आदळून त्याने भारित कण बाहेर काढले, तरच त्यांच्या विद्युत् स्पंदावरून त्याचे अस्तित्व कळते.

ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या संमीलनात १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते, पैकी १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. दर संमीलनामागे एक न्यूट्रॉन. म्हणून न्यूट्रॉन मोजणे म्हणजे संमीलन मोजणे होय. तथापि केवळ गणना पुरेशी नाही. ब्रिटनमधील हार्वेल येथील ‘झीटा’ यंत्रात ड्यूटेरियमपासून न्यूट्रॉन मिळाले, तेव्हा ते बहुधा उष्णताजन्य संमीलनाचे आहेत असे जानेवारी १९५८ मध्ये जाहीर झाले. पुढे निरनिराळ्या दिशांच्या न्यूट्रॉनांची ऊर्जा सारखी नाही असे आढळले. विद्युत् क्षेत्राने वेग दिलेल्या थोड्या कणांचे ते कार्य होते. मे महिन्यात तो दावा मागे घ्यावा लागला.

म्हणून अभिज्ञातकाने संख्येबरोबर ऊर्जाही सांगावी, आणि तो लहान असावा. कारण प्लाझ्माचे भिन्न भाग न्याहाळण्यासाठी अरुंद जागेत अनेक अभिज्ञातक बसवावे लागतात. हेलियम-३ वायूची नळी मंद न्यूट्रॉन उत्तम टिपते. पण वेगवान न्यूट्रॉनसाठी भोवती मंदकाचा जाड थर लागतो व मूळ ऊर्जेची खूण पुसली जाते. काही मिलिमीटरांचा कृत्रिम हिरा ही अडचण टाळतो. त्यातील कार्बन-१२ वर न्यूट्रॉन आदळला की अल्फा कण व बेरिलियम-९ निर्माण होऊ शकतात. या प्रक्रियेत ५.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्ची पडतात, उरलेले ८.४ हिऱ्यातच स्पंदरूपाने नोंदले जातात. दोहोंची बेरीज केली की मूळ १४.१ हाती येते. ड्यूटेरियम-ड्यूटेरियम संमीलनाचा २.४५ ऊर्जेचा न्यूट्रॉन मात्र ही प्रक्रिया घडवू शकत नाही; तेथे अन्य उपाय योजावे लागतात.

मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘पूर्णिमा’ न्यूट्रॉन जनित्रात ट्रिटियमच्या लक्ष्यावर ड्यूटेरियमचे कण सोडून सुमारे १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन मिळविता येतात. अशा ज्ञात उगमाशी ताडून पाहिल्यावाचून अभिज्ञातकाच्या आकड्यास प्रमाण मानणे योग्य नव्हे.