दोन गिअर की चार? एका जुन्या मोटारीचे कोडे

एस.टी.ने घाट चढताना तुम्ही कधी चालकाच्या मागच्या बाकावर बसला आहात का? चढ लागला की इंजिनाचा आवाज जड होतो. चालक डाव्या पायाने क्लच दाबतो, दांडा ओढून खालचा गिअर टाकतो आणि बस पुन्हा जोमाने चढू लागते. काही मोटारींत मात्र हे काम यंत्रच करते. तिथे गिअर आपोआप बदलतात. मग वेगासाठी बांधलेल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीत यांपैकी कोणती रचना चांगली?

याचे उत्तर शोधायला अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीची ‘कॉर्व्हेट’ ही गाडी फार सोयीची आहे. १९५७ सालच्या कॉर्व्हेटमध्ये हाताने बदलायचे तीन गिअर असत. जादा पैसे भरले, की चार गिअरांची पेटी घेता येई किंवा ‘पॉवरग्लाइड’ नावाची स्वयंचलित पेटीही घेता येई. पॉवरग्लाइडला पुढे जाण्याचे गिअर होते फक्त दोन! आज जुन्या गाड्यांचा एखादा शौकीन अशा दोन कॉर्व्हेट शेजारी शेजारी पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे हेच कोडे उभे राहते.

गिअर हवेत कशाला?

विजेची मोटर थांबलेली असतानाही जोर लावू शकते. पेट्रोलच्या इंजिनाला ते जमत नाही. ते सतत फिरत राहिले तरच चालते. शिवाय त्याची शक्ती फेऱ्यांवर अवलंबून असते. फिरवण्याचा जोर, म्हणजे परिबल, आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. फेरे फार कमी झाले की शक्तीही घटते. म्हणून गाडी हळू चालो की जोरात, इंजिनाचे फेरे योग्य मर्यादेत ठेवावे लागतात. ते काम दंतचक्रे करतात. लहान चक्राने मोठे चक्र फिरवले, तर फेरे कमी होतात आणि जोर वाढतो.

आता थोडे गणित करू. त्या चार गिअरांच्या पेटीची गुणोत्तरे होती २.२०, १.६६, १.३१ आणि १.००. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे २.२० फेरे झाले, की मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा एक फेरा होई. पॉवरग्लाइडची गुणोत्तरे होती १.८२ आणि १.००.

समजा, इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असताना आपण पहिल्यावरून दुसरा गिअर टाकला. त्या क्षणी गाडीचा वेग बदलत नाही. म्हणून इंजिनाचे फेरे गुणोत्तराच्या प्रमाणात उतरतात. चार गिअरांच्या पेटीत ते ४००० × १.६६ ÷ २.२०, म्हणजे सुमारे ३००० वर येतात. पुढच्या दोन्ही बदलांतही ते ३००० च्या खाली जात नाहीत. (करून पाहा!) पॉवरग्लाइडमध्ये मात्र ४००० ÷ १.८२, म्हणजे सुमारे २२०० फेरेच उरतात. इंजिन ऐन जोमात आले असताना त्याला जणू जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतराव्या लागतात.

तेलातून जाणारी शक्ती

एवढ्यावरून पॉवरग्लाइड दुबळी ठरवू नका. तिच्यात एक खुबी होती. ती समजायला एक प्रयोग करा. जाळी असलेले दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा. एकच पंखा विजेवर चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरू लागतात. दोन्ही पंख्यांना जोडणारा दांडा नाही, तरी शक्ती पोहोचते.

स्वयंचलित पेटीत हवेऐवजी तेल असते. इंजिनाला जोडलेले पात्यांचे चक्र तेल जोराने फेकते आणि समोरचे चक्र त्या माऱ्याने फिरते. परत येणाऱ्या तेलाची दिशा मधली तिसरी पाती वळवतात, त्यामुळे गाडी सुटताना परिबल वाढते. या साधनाला ‘टॉर्क कन्व्हर्टर’ म्हणतात. त्याची मूळ कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याची. त्याने १९०५ साली जहाजांसाठी या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

पॉवरग्लाइडमध्ये सुटतानाचा जोर अशा रीतीने सुमारे दुप्पट होई. १.८२ ची दुप्पट म्हणजे ३.६४. हा आकडा २.२० पेक्षा कितीतरी मोठा! शिवाय क्लचची दगदग नाही. मात्र त्याची किंमत द्यावी लागते. दोन चक्रांच्या वेगात नेहमी थोडा फरक राहतो. तेवढी ऊर्जा तेल तापवण्यात जाते. सिग्नलपाशी गाडी थांबलेली आणि गिअर टाकलेला असेल, तर तेलाला मिळालेली सगळी ऊर्जा उष्णताच होते.

हाताची चूक

हाताने गिअर बदलण्यातही धोका आहे. चौथ्या गिअरमध्ये ४००० फेऱ्यांवर असताना चुकून पहिला गिअर पडला आणि क्लच सोडला तर? ४००० × २.२० म्हणजे ८८०० फेरे! ते त्या इंजिनाला सोसणारे नाहीत. झडपा आणि दट्टे मोडून पडतील. म्हणजे चार गिअरांचा फायदा शिकलेल्या हातालाच मिळतो.

झोका इकडून तिकडे

कॉर्व्हेटचा इतिहास या बाबतीत मोठा गमतीचा आहे. १९५३ साली ३०० गाड्या निघाल्या, त्या सगळ्या पॉवरग्लाइडच्याच. वेगाच्या शौकिनांनी नाके मुरडली. १९५५ मध्ये जेमतेम ७०० गाड्या तयार झाल्या आणि ही गाडी बंद पडते की काय, अशी वेळ आली. त्याच वर्षी आठ सिलिंडरांचे इंजिन आले, हाताचे गिअर आले आणि गाडी तगली. पुढे १९८२ ची कॉर्व्हेट पुन्हा फक्त स्वयंचलित होती. पण तिला चार गिअर होते आणि वेग आला की तेलातील दोन्ही चक्रे एकमेकांना घट्ट धरत, म्हणून घसरण थांबे. २०२० पासूनच्या कॉर्व्हेटला तर हाताचे गिअरच नाहीत. तिच्यात आठ गिअर आणि दोन क्लच आहेत. संगणकाच्या हुकमाने ती कोणत्याही हातापेक्षा लवकर गिअर बदलते.

आता कोड्याचे उत्तर देता येईल. ‘स्वयंचलित चांगले की हाताचे?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या सालचे, हेही विचारायला हवे. आजच्या यंत्राची कीर्ती ऐकून १९५७ ची पॉवरग्लाइड घेणारा फसेल. पॉवरग्लाइडची त्या काळची अपकीर्ती ऐकून आजची स्वयंचलित गाडी नाकारणाराही फसेल. वळणावळणाच्या मोकळ्या रस्त्यासाठी जुनी गाडी हवी असेल, तर चार गिअरांची घ्यावी. गर्दीच्या शहरातून निवांत फिरायचे असेल किंवा डाव्या पायाला त्रास असेल, तर पॉवरग्लाइड बरी. मात्र १९५३ च्या गाडीतील दोन गिअरांची पेटी काढून चार गिअरांची बसवू नये. ती थोडी मंद आहे खरी, पण त्या वेळच्या अभियंत्यांनी काय विचार केला होता, याचा तो पुरावा आहे.

पुढच्या वेळी बसमध्ये चालकाजवळ बसाल, तेव्हा इंजिनाचा आवाज नीट ऐका. गिअर बदलताना तो किती उतरतो, त्यावरून गुणोत्तराचा अंदाज बांधता येतो का, ते पाहा.