५० ग्रॅमची दहा वर्षं

पातेल्यात कोजागरीचं दूध आटत होतं आणि गच्चीवर विषय निघाला मटणाचा. साल २०१५. भोपाळच्या अवधपुरीत मराठी घरं तशी विखुरलेली, पण सणावाराला पिपलानी, बरखेड्याहून भेल कारखान्यातले जुने लोक येतात आणि गच्ची भरते. (पलीकडे रायसेन रोडवर एक ‘रत्नागिरी तिराहा’ आहे. तिथे ना समुद्र, ना हापूस. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना तो दाखवल्याशिवाय आम्ही सोडत नाही.) त्या रात्री शेजारचे शाकाहारी काका बाबांना म्हणाले, “आता तर जगानंच सांगितलं. मटण म्हणजे सिगारेट.” बाबांनी दुधाचा घोट घेतला आणि म्हणाले, “मग मी आठवड्याला एकच ओढतो. तीही रश्श्यात बुडवून.”

सगळे हसले, विषय संपला. पण त्या दोन वाक्यांमध्ये जे होतं तेच पुढची दहा वर्षं वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहिलं.

बातमी २६ ऑक्टोबरची होती. फ्रान्समधल्या लियाँ इथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिथे दहा देशांतले २२ तज्ज्ञ बसले, आठशेहून अधिक अभ्यास पाहिले आणि त्यांनी प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्यांच्याबद्दल आहे, अशा गोष्टींचा हा गट. तंबाखूही तिथेच आहे. ताजं लाल मांस एक पायरी खाली, ‘बहुधा’ या शब्दासह. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्क्यांनी वाढते, हा आकडाही तेव्हाचाच. ५० ग्रॅम म्हणजे हॉटडॉगमधलं साधारण एक सॉसेज.

काकांची पहिली चूक ही, की त्यांनी गटाला वजन समजलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. त्याच वेळी संस्थेनं दिलेले जागतिक अंदाज पाहा. तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगानं वर्षाला सुमारे दहा लाख मृत्यू, दारूमुळे सहा लाख, आणि प्रक्रिया केलेलं मांस भरपूर असलेल्या आहारामुळे ३४ हजार. १८ टक्क्यांचंही तसंच. ब्रिटनमधल्या कर्करोग संस्थेनं तो हिशेब लोकांना उलगडून सांगितला होता. असं मांस सगळ्यात कमी खाणाऱ्या हजार जणांपैकी ५६ जणांना आयुष्यात कधीतरी आतड्याचा कर्करोग होतो, सगळ्यात जास्त खाणाऱ्या हजारांत ६६ जणांना. हजारात दहा. घाबरून जाण्याएवढे नाहीत, पण सोडून देण्याएवढेही नाहीत. २९ ऑक्टोबरला आरोग्य संघटनेला खुलासा करावा लागला, की आम्ही कुणाला हे मांस बंद करा असं म्हटलेलं नाही. तोवर उशीर झाला होता.

उशीर झाला, कारण ते सालच ताटावरून भांडण्याचं होतं. मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा वाढीव कायदा लागू झाला. उन्हाळ्यात आमच्या मध्य प्रदेशात काही आदिवासी जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव आला आणि मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला. ज्या राज्यात २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालच्या ४२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी भरली, त्या राज्यात. जूनमध्ये मॅगी दुकानांतून गायब झाली. सप्टेंबरअखेर दादरीत फ्रीजमधल्या मांसाच्या संशयावरून एका माणसाचा जीव गेला. अशा हवेत लियाँची बातमी आली. ज्याला जे भांडण लढायचं होतं, त्यानं ती त्यासाठी उचलली.

शब्दानंही घात केला. ‘प्रक्रिया केलेलं मांस’ हे मराठीत कुणाच्या तोंडी आहे? सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांना घरगुती शब्द नाहीत, कारण त्या वस्तूच घरात नव्हत्या. मग ‘प्रक्रिया केलेलं’ गळून पडलं आणि ‘मांस’ उरलं. आयएआरसीच्या व्याख्येत खारवणं, मुरवणं, आंबवणं, धुरी देणं किंवा टिकवण्यासाठी नि चवीसाठी असंच काही करणं येतं. जुन्या भोपाळच्या चटोरी गलीत शिगेवर भाजला जाणारा कबाब त्यात येत नाही. खिमा सकाळचा, कबाब संध्याकाळचा. (निखाऱ्यावर करपवण्याचा प्रश्न वेगळा आहे, पण तो लाल मांसाच्या खात्यात जातो.)

आमचं घर मूळचं नागपूरचं. बाबा साठच्या दशकात भेल कारखान्यात लागले, तेव्हा त्याचं नाव हेवी इलेक्ट्रिकल्स होतं. १९५६ साली राज्य बदललं तेव्हा नागपूरहून सरकारी बाबूंची पुष्कळ मराठी कुटुंबं भोपाळला आली होती. भेलनं त्यात भर घातली. बाबा रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन जायचे आणि पाऊण किलो मटण आणायचे. खाणारे आम्ही सहा. हाडं वजा केली तर माणशी शंभर ग्रॅमही येत नसावं. बाकी सगळा सावजी मसाल्याचा जाळ आणि भाताचा डोंगर. जागतिक कर्करोग संशोधन निधीनं २०१८ साली लाल मांसाची मर्यादा सांगितली ती आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम. आमची आई कुठलीही मार्गदर्शक तत्त्वं न वाचता त्याच्या पावपटीत घर चालवत होती. श्रेय आरोग्यभानाचं नाही, महिनाअखेरीचं आहे.

आपल्याकडे मांस टिकवत नव्हते असं मात्र म्हणता येणार नाही. गोव्याचं चोरीस आहेच. व्हिनेगर, मीठ नि मिरचीत मुरवलेलं, वाळवलेलं, पावसाळ्यासाठी ठेवलेलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करत. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये ते खाणं आलं आहे, आणि ते पुस्तकही २०१५चंच. चान्या ही एकदा मिळालेलं मांस पुरवून खाण्याची रीत होती. गावानं ज्यांना मेलेलं जनावर देऊ केलं, त्यांना रोज पन्नास ग्रॅमची चैन कुठली? आरोग्याचा इशारा अशा ताटावर लावताना हात आखडता घ्यावा, असं माझं मत आहे.

मधल्या काळात इशाराच उलटा फिरल्यासारखं झालं. २०१९च्या ऑक्टोबरच्या तोंडावर ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं सांगितलं की पुरावा कच्चा आहे, तेव्हा लोकांनी आहे तसं खात राहावं. १४ जणांत ११ विरुद्ध ३ असा कौल. काही दिवसांतच बाहेर आलं, की गटाच्या प्रमुखांनी आधी अन्नउद्योगाशी जोडलेल्या संस्थेच्या पैशावर साखरेविषयी अभ्यास केला होता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड एकाच दिवशी आले. खरं तर दोन्ही गटांनी पाहिलेले आकडे फारसे वेगळे नव्हते. एवढ्याशा जोखमीसाठी माणसाला सवय बदलायला सांगावं का, यावर त्यांचं जुळत नव्हतं.

मग कोरोना आला. २०२०च्या सुरुवातीला कोंबडीमुळे विषाणू पसरतो अशी आवई उठली आणि महाराष्ट्रातले कुक्कुटपालक अक्षरशः रस्त्यावर आले. काही महिन्यांनी कोंबडी टाळणारे लोकच ‘प्रोटीन खा’ म्हणून अंडी नि चिकन शोधत होते. त्याच सुमारास आमच्या घरी मोठा फ्रीजर असलेला फ्रीज आला. नगेट्स, चिकन सॉसेज, चिकन सलामी. मुलाचा डबा सात मिनिटांत तयार. पाकिटावर प्रथिनांचा आकडा ठळक, आणि ‘चिकन’ हा शब्द म्हणजे जणू निर्दोष असल्याचा दाखला. मटण म्हणजे सिगारेट म्हणणाऱ्या काकांचा नातू आमच्याकडे येऊन सलामीचं सँडविच खातो. काकांना ते ठाऊक आहे आणि ते काही बोलत नाहीत.

थोडक्यात, ज्या सवयीबद्दल २०१५ साली इशारा दिला गेला, ती सवय आमच्या घरात त्यानंतर पाच वर्षांनी शिरली. आणि शिरताना कुणी हटकलं नाही, कारण आम्ही सगळे अजून मटणावरच वाद घालत होतो. प्रक्रिया केलेल्या मांसात कोंबडीही धरली जाते, असं आरोग्य संघटनेनं तेव्हाच लिहिलं होतं. चिकनवरचा पुरावा डुक्कर नि गोमांसाएवढा साचलेला नाही, हेही खरं. पण मांस गुलाबी ठेवणारं नायट्राइट तेच. त्यातून पोटात तयार होणाऱ्या नायट्रोसो संयुगांवर शास्त्रज्ञांचा संशय फार जुना आहे. अशाच एका संयुगानं उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो, हे मॅगी आणि बार्न्स यांनी १९५६ सालीच दाखवलं होतं. (हे मॅगी वेगळे.) युरोपीय संघानं मांसातल्या नायट्राइटची कमाल मर्यादा खाली आणली आणि ती ऑक्टोबर २०२५पासून लागू झाली.

भोपाळमध्ये सरकारचं लक्ष दुसरीकडे होतं. १३ डिसेंबर २०२३ला मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच दिवशी मांस-मासळीच्या उघड्यावरच्या विक्रीला बंदी घातली. दुकानांना काचा लागल्या, पडदे आले. स्वच्छतेचं म्हणाल तर वाईट झालं नाही. फ्रीजरमधली पाकिटं मात्र मुळातच बंद होती, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आणि या शहरानं कर्करोगाबद्दल बोलावं आणि सुपारीबद्दल बोलू नये, हेही नवलच. जुने लोक भोपाळची ओळख ‘जर्दा, गर्दा, पर्दा’ अशी सांगतात. नक्षीदार भोपाळी बटव्यात सुपारी-कात बाळगणं ही इथली खानदानी रीत. आयएआरसीनं सुपारीला पहिल्या गटात टाकलं ते मांसाच्या दहा-बारा वर्षं आधी. गॅसकांडानंतर आयसीएमआरनं इथे कर्करोगाची नोंदणी सुरू केली, तिच्यात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर दिसतो. अन्नसुरक्षा नियमांनुसार गुटखाबंदी करणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य, १ एप्रिल २०१२पासून. पानाच्या टपरीवर आता सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते, गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. भोपाळच्या माणसाला एकच सवय सोडायला सांगायची असेल, तर मी सॉसेज सांगणार नाही.

पण घरात फ्रीजर आहे, डबा मी भरते, आणि सुपारी आमच्याकडे कुणी खात नाही. म्हणून माझ्यापुरता निकाल असा : इशाऱ्यामुळे सवय बदलावी, आणि ती अजून कोवळी असतानाच बदलावी. बाबांचं रविवारचं मटण तसंच चालू राहिलं. बाबा गेल्यावर प्रमाण आणखी कमी झालं, त्याचं कारण वेगळं. सलामी मात्र डब्यातून काढली. मुलगा पंधरा दिवस रुसला, मग अंड्याच्या पोळीवर आला. वाढदिवसाला सॉसेज येतं, ते येऊ द्यावं.

तुमच्याही फ्रीजरमध्ये असं पाकीट असेल, तर ते उलटं करा. घटकांच्या बारीक अक्षरांत ‘सोडियम नायट्राइट’ किंवा नुसता आयएनएस २५० हा क्रमांक आहे का बघा. असेल, तर घरातली मुलं ते आठवड्यातून किती वेळा खातात, हे एकदा बोटांवर मोजा.