झेल नेमका कुठे सुटतो?

निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत बाकं भिंतीकडे सरकवली आहेत. फरशीवर चिकटपट्टीची सरळ रेघ, टेबलावर खुंट्या बसवायची भोकांची पाटी, टेनिसचा चेंडू आणि स्टॉपवॉच. मुलांच्या हालचालींवर संशोधन करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम प्रत्येक कृती आधी स्वतः करून दाखवतात. या पट्ट्यात मूल घरी एक भाषा बोलतं, बाजारात दुसरी. नुसत्या तोंडी सूचनेवर विसंबलं तर न समजलेलं आणि न जमलेलं यांची गल्लत होते. म्हणून आधी दाखवायचं, सराव करू द्यायचा आणि मगच घड्याळ लावायचं.

ही ‘मूव्हमेंट एबीसी’ चाचणी. शीला हेंडरसन, डेव्हिड सग्डन आणि ॲना बार्नेट यांनी केलेली तिची दुसरी आवृत्ती 2007 साली आली. हाताची सफाई, नेम व झेल आणि तोल अशा तीन भागांत मिळून आठ कृती असतात. खुंट्या लावायच्या, दोरी ओवायची, दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची, टाचेला चवडा जुळवत चालायचं.

आठ वर्षांचा एक मुलगा भिंतीवर चेंडू मारून झेलतो आहे. या वयाला मध्ये एक टप्पा चालतो. मी सुटलेले झेल मोजत होतो. मॅडमच्या वहीत मात्र वेगळंच उतरत होतं: नजर चेंडूवर आहे, कोपरं अंगाला चिकटलेली, पंजा मिटतो तो चेंडू निसटल्यावर. खुंट्या लावताना मोकळ्या हाताने पाटी धरून ठेवायची असते, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. गुणांवरून मूल किती मागे आहे ते समजतं, कुठे अडतंय ते या नोंदींवरून. पुढची शिकवणी ठरते ती नोंदींवरच.

शिवाय या चाचणीचे प्रमाण-गुण ब्रिटनमधल्या मुलांवरून ठरलेले. इथल्या मुलाने असली पाटी पहिल्यांदाच पाहिलेली असते. त्यामुळे आकड्यावरून शिक्का मारायचा नाही, हा मॅडमचा नियम. चाचणीनंतर त्या आईला आणि गुरुजींना विचारतात: डबा सांडतो का, फळ्यावरचं उतरवायला किती वेळ लागतो? या मुलाची आई विड्या वळते. ती म्हणाली, “माझी बोटं बघा, पानाकडं बघतबी न्हाई मी. आन ह्याला अजून शर्टाची बटनं लावाय येईनात. आळशी हाय झालं.”

पण हा आळस नसतो. ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’मध्ये स्नायूंत ताकद असते, बुद्धीही असते. अडतं ते हालचालीची आखणी आणि वेळ साधण्यात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेनुसार 5 ते 11 वयाच्या मुलांत याचं प्रमाण 5 ते 6 टक्के आहे. म्हणजे चाळीसच्या वर्गात सरासरी दोन मुलं. मात्र नजरेचा दोष किंवा मज्जासंस्थेचा आजार नाही, याची आधी खात्री करावी लागते.

उपायही त्या अडलेल्या कामातच असतो. बटण लावता येत नसेल तर बटणच शिकवायचं: आधी मोठं, सैल काजाचं, मग लहान. असा सराव घरीच होतो, आणि घरच्या सरावाचं मोल निपाणीच्या या बेळगाव जिल्ह्यात नवं नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने ‘ब्रेन-हिट’ या अभ्यासात भाग घेतला होता. पाकिस्तान आणि झांबियातही तो झाला. जन्मताच श्वास न घेतल्यामुळे बॅग-मास्कने श्वास द्यावा लागलेली बाळं त्यात होती. प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन आठवड्यांनी घरी जाऊन पालकांना खेळ शिकवत. तिसऱ्या वर्षी बुद्धी आणि हालचाली, दोन्ही चाचण्यांत हे खेळ मिळालेली मुलं फक्त आरोग्य-सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरली. ती मुलं वेगळी, त्यांची अडचणही वेगळी. पण घरच्या माणसांच्या हातून काय घडू शकतं, ते त्यातून दिसलं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत ‘डिस्प्रॅक्सिया’चा, म्हणजे हालचालींच्या याच अडचणीचा, नावानिशी उल्लेख आहे. शाळेत तरीही अशा मुलाच्या वाट्याला ‘अक्षर गचाळ’ हा शेराच येतो. गुरुजनांनो, तो शेरा मारण्याआधी मुलाचं काम कुठे अडतं ते आठवडाभर पाहा, लिहून ठेवा आणि पालकांसह बालरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. निदानाची निम्मी वाट तुमची वहीच मोकळी करून देईल.