मुलाच्या बाजूचा वकील

निराधारांचा पालक राजा, या जुन्या कल्पनेवर बालन्यायालये उभी राहिली. सरकारच पालक झाल्यावर मुलाला वकील कशाला, असा प्रश्न त्यातूनच उद्भवला. त्याचे उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका खटल्याने दिले.

जून १९६४ मध्ये जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलास पोलिसांनी पकडले. शेजारणीशी दूरध्वनीवरून अश्लील बोलल्याचा आरोप होता. आईबाप कामावर होते. त्यांना कोणी कळविलेही नाही. तक्रार करणारी बाई न्यायाधीशापुढे आलीच नाही, आणि मुलातर्फे वकीलही नव्हता. २१ वर्षांचा होईपर्यंत त्यास सुधारशाळेत ठेवावे, असा हुकूम झाला. याच गुन्ह्यास प्रौढाला ५० डॉलरपर्यंत दंड किंवा फार तर दोन महिने कैद होती!

अमेलिया लुइस या वकीलबाईंनी प्रकरण हाती घेतले. १५ मे १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की मुलाचे स्वातंत्र्य जाणार असेल, तेथे त्यास वकिलाचा हक्क आहे.

भारतात १९८७ च्या कायद्याने मुलांस मोफत कायदेसाहाय्याचा हक्क दिला. ते मिळते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी २०१५ च्या कायद्याने बालन्याय मंडळावर टाकली. अशा वकिलाचे पहिले काम मुलाजवळ बसून, त्याच्याच भाषेत, त्याचे ऐकून घेण्याचे. मुलास घरी जावयाचे असते. चौकशीच्या अहवालात ते घर धोक्याचे ठरलेले असते. निर्णय मुलाच्या इच्छेविरुद्धही जाऊ शकतो. परंतु ती इच्छा ऐकल्यावाचून तो होऊ नये, एवढ्यासाठीच वकील तेथे उभा असतो.